जुन्या टर्बो ऑक्टावियाचा ब्रीदर (इंजिनात कोंडणारा गॅस बाहेर काढणारा पाइप): जून ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

१ जून, रविवार

आजपासून लिहून ठेवतोय, कारण गाडीच्या धुराबद्दल दोन महिने नुसतं ह्याला विचार त्याला विचार चाललंय आणि कोण काय बोललं ते पुढच्या आठवड्यात डोक्यात राहत नाही.

गाडी स्कोडा ऑक्टाविया आरएस, २००५ ची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, वीस व्हॉल्व्ह, १५० पीएस, पाच गिअर. माझ्याकडे २०१६ पासून आहे, मी तिसरा मालक. मुलुंड पूर्वेला बिल्डिंगच्या स्टिल्टखाली उभी असते. गाडीबद्दल माझी काडीची तक्रार नाही, वीस वर्षं मुंबईच्या उकाड्यात रबर टिकलं हेच खूप आहे.

त्रास असा की सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभी राहिली की निघताना मागे निळा धूर. पाचशे किलोमीटरला अर्धा लिटर तेल पितेय. टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) कडा ओल्या, बॉनेट उघडलं की जळक्या तेलाचा वास. आणि तेलाच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा पिवळट थर.

एका गॅरेजने बघताक्षणी सांगितलं टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) गेला, नवीन टाका, ऐंशी हजार. न उघडता, न मोजता. सप्टेंबरमध्ये आरसी रिन्यूअल आहे (१५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी होतं ते), वडाळ्याला आरटीओत गाडी दाखवायची आहे, आणि त्याच्या आधी गणपतीला चिपळूणला जायचंय. म्हणजे हातात जेमतेम तीन महिने. पाऊस तर ह्या वर्षी २६ मेलाच मुंबईत येऊन बसलाय, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता, त्यामुळे काम सगळं स्टिल्टखालीच.

४ जून, बुधवार

रात्री ऑफिसवरून आल्यावर साधी टेस्ट केली. इंजिन आयडलला (एक्सलेटर न दाबता नुसतं चालू) ठेवून तेलाचं झाकण काढलं आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरली. इंजिन ठीक असेल तर पिशवी किंचित आत ओढली जाते. माझी फुगली, अगदी वाढदिवसाच्या फुग्यासारखी, आणि हात काढला तर उडून बॅटरीवर पडली.

म्हणजे क्रँककेसमध्ये (इंजिनाचा खालचा, तेलाचा भाग, आम्ही त्याला चेंबर म्हणतो) दाब आहे. कुठल्याही इंजिनात पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात तेलाचं धुकं असतं, पाण्याची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं. पूर्वीच्या गाड्यांना खाली एक उघडी नळी असायची आणि हा सगळा गॅस रस्त्यावर सोडून द्यायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्यामुळे ते बंद करायला लावलं आणि हा गॅस परत इंजिनात ओढून जाळायची पद्धत आली, तीच पीसीव्ही.

टर्बो गाडीत ह्याची एक गंमत आहे. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात) व्हॅक्यूम असतो, तेव्हा गॅस तिकडून ओढला जातो. पण टर्बो चालू झाला की त्याच मॅनिफोल्डमध्ये उलट दाब येतो, म्हणून मध्ये एक वन-वे व्हॉल्व्ह असतो, तो बंद होतो आणि गॅस दुसऱ्या वाटेने टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपात जातो. दोन वाटा आहेत आणि दोन्ही चालू पाहिजेत.

आता धुराचं. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतंच, दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात. तेल वरून पंपाच्या दाबाने येतं पण खाली नुसत्या उताराने चेंबरमध्ये पडतं. चेंबरमध्येच दाब असेल तर ते पडणार कसं? दादरच्या हिंदमाताला पाणी का तुंबतं, तर समुद्राला भरती असते म्हणून, नाला बिचारा साफ असला तरी. तसंच टर्बोतलं तेल तुंबतं आणि रिंगांच्या फटीतून एक्झॉस्टमध्ये जातं. त्यामुळे टर्बो धडधाकट असूनही धूर येऊ शकतो. हे मला सिद्ध करायचंय, ऐंशी हजार द्यायच्या आधी.

८ जून, रविवार

भांडुपच्या मामांकडे गेलो (आमचे मिस्त्री, सगळेच त्यांना मामा म्हणतात). कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते) बघितलं. इंजिन गरम, चारही प्लग काढून, एक्सलेटर पूर्ण दाबून. १०.५, १०.५, १०, १०.५ बार. मामा म्हणाले, "रिंगा मस्त आहेत रे, ह्या इंजिनाला हात लावू नकोस." जीव भांड्यात पडला. रिंगा गेल्या असत्या तर हा सगळा खटाटोप फुकट होता.

प्लगच्या विहिरींत तेल होतं, पुसून घेतलं.

१५ जून, रविवार

पिशवी फुगली वगैरे ठीक, पण आकडा पाहिजे. म्हणून मॅनोमीटर (दाब मोजायचं साधन) बनवला. साठ सेंटीमीटरची प्लायची पट्टी, त्यावर पारदर्शक नळी यू आकारात क्लिपांनी बसवली, मधोमध शिंप्याकडची मोजपट्टी चिकटवली आणि नळीत निळीचं पाणी. एक तोंड उघडं, दुसरं डिपस्टिकच्या (तेल मोजायच्या काठीच्या) नळीला. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे दाब, एक सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ एक मिलिबार. खर्च १८० रुपये.

डिपस्टिकचा तो नारिंगी प्लास्टिकचा फनेल काढताना हातात तुकडे आले. ह्या गाड्यांत उष्णतेने तो बिस्किटासारखा होतोच. एकही तुकडा आत पडू न देता चिमट्याने काढले, त्यात अर्धा तास गेला. नवीन घ्यायच्या यादीत टाकला, तात्पुरती टेप.

आयडलला +५ सेमी. शून्याच्या खाली हवा होता.

मग सकाळी सहाला हायवेला काढली, नळी बॉनेटच्या फटीतून खिडकीत घेऊन. लेक बाजूला पट्टी उभी धरून बसली. तिसऱ्या गिअरमध्ये २२०० आरपीएमपासून एक्सलेटर दाबला, ती ओरडली "बाबा चाळीस... बाबा!" आणि निळं पाणी सरळ छताला. तिचा कॉलेजचा पांढरा कुर्ता गेला, नवा घेऊन द्यायचं कबूल केलंय.

पण माझं उत्तर मिळालं. पिस्टनच्या ब्लो-बायने एवढा दाब क्षणात चढत नाही. टर्बोचा बूस्ट (तो हवेला देतो तो दाब) साधारण अर्धा बार, म्हणजे पाच मीटर पाण्याचा स्तंभ, त्यातला थोडासा जरी चेंबरमध्ये शिरला तर माझी साठ सेंटीमीटरची नळी काय टिकणार. बूस्ट क्रँककेसमध्ये जातोय. म्हणजे वन-वे व्हॉल्व्ह.

२२ जून, रविवार

उघडलं. ह्या इंजिनात मॅनिफोल्ड पुढच्या बाजूला आहे, त्याच्याखाली ऑइल फिल्टर, आणि तिथूनच ब्लॉकचा ब्रीदर पाइप वर येतो. टॅपेट कव्हरचा दुसरा ब्रीदर त्याला मिळतो, पुढे एक फांदी प्रेशर रेग्युलेटरमधून टर्बोच्या इनटेक पाइपाला आणि एक फांदी वन-वेमधून मॅनिफोल्डला. सगळ्यात वाईट जागा मॅनिफोल्डच्या पोटाखालचा एल्बो (वाकडा पाइप), तो दिसत नाही, फक्त बोटांना लागतो. थ्रॉटलचा पाइप काढला, डिपस्टिकच्या नळीचा बोल्ट काढला, तेव्हा कुठे हात गेला.

एल्बोला हात लावला आणि बोट आत घुसलं. रबर राहिलंच नव्हतं, भिजलेल्या खजुरासारखं मऊ, बोटाला चिकटून काळी तार सुटत होती. ओढून बाहेर काढला तर बाहेरून दीडपट फुगलेला आणि आतून इतका आवळलेला की जिथे अंगठा जायला पाहिजे तिथे पेन्सिल जाईना. फडक्याने पुसलं तर बाहेर अर्धवट पुसट छापील अक्षरं दिसली, कूलंट. रेडिएटरच्या होजचा तुकडा कापून इथे बसवलाय कोणीतरी.

फाइल काढून बघितली. मार्च २०२४ चं एका गॅरेजचं बिल, त्यात एक ओळ, ब्रीदर पाइप रिपेअर. तेल खाणं कधी सुरू झालं ते आठवून बघितलं, त्याच पावसाळ्यापासून.

आणि मग वन-वे. तो मी सहज तोंडाने फुंकून बघितला (आधी पेट्रोलच्या फडक्याने पुसून, नंतर भरपूर चुळा भरून). व्हॉल्व्ह चांगला होता, एका बाजूने फुंक जाते, दुसऱ्या बाजूने नाही. मग बूस्ट आत जातोच कसा म्हणून मोबाइलवर उघडताना काढलेले फोटो मोठे करून बघितले. व्हॉल्व्हवरचा बाण मॅनिफोल्डकडे असायला पाहिजे होता, माझा इंजिनाकडे. उलटा बसवलाय. चौदा-पंधरा महिने आयडलला तो बंद राहत होता आणि बूस्टला उघडत होता, बरोब्बर उलटं. एक वाट उलटी, दुसरी वाट फुगलेल्या पाइपाने बंद. इंजिनाने श्वास घ्यायचा कुठून!

पंधरा मिनिटं तसाच स्टुलावर बसून होतो. राग त्या माणसाचा नाही येत, बाण बघायला दोन सेकंद लागतात त्याचा येतो.

२४ जून, मंगळवार

मुख्य ब्रीदर पाइप, रेग्युलेटर आणि वन-वे ऑपेरा हाऊसच्या स्पेअरवाल्याकडे मागवले, दहा दिवस म्हणाला. ह्या गाडीचं सामान आता फिरवून फिरवून मिळतं. जुना व्हॉल्व्ह चालू असला तरी वीस वर्षांचा आहे, बदलतोय. मधल्या सरळ तुकड्यांसाठी मात्र पाइप बाहेरून घ्यायचाय, म्हणून नागदेवी स्ट्रीटला गेलो. एका दुकानदाराने मला चार प्रकारच्या रबराचे तुकडे दिले, प्रत्येकी वीतभर, आणि पैसेही घेतले नाहीत.

चारही तुकडे जुन्या इंजिन ऑइलमध्ये मुरंब्याच्या बरण्यांत बुडवून ठेवले. रोज रात्री अर्धा तास गरम पाण्याच्या पातेल्यात, बायकोने त्यासाठी वेगळं जुनं पातेलं काढून दिलं आणि ते परत किचनमध्ये यायचं नाही असं बजावलं.

६ जुलै, आषाढी

उपवास होता, साबुदाण्याची खिचडी खाऊन जाडी मोजायला व्हर्नियर घेऊन बसलो. बारा दिवसांनी:

रेडिएटर होज (ईपीडीएम) जाडी ४.२ ची ५.३ मिमी झाली आणि नखाने खवला जातो. साधं सिलिकॉन ४ चं ४.४, आणि बाहेरून हात लावला तरी तेलकट, म्हणजे तेल आरपार झिरपतं. नायट्राइल जसंच्या तसं. व्हिटॉन (फ्लोरोचं रबर) पण जसंच्या तसं.

हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. काळा रबरी पाइप म्हणजे सगळे सारखे नाहीत. ईपीडीएम पाण्याला आणि कूलंटला उत्तम, वर्षानुवर्षं टिकेल, पण तेल लागलं की पिऊन फुगतं. निळे-लाल सिलिकॉनचे पाइप दिसतात छान, बूस्टला चांगले, पण तेलाच्या वाफेला आतून फ्लोरोचं अस्तर असलेलेच पाहिजेत. नायट्राइल तेलाला चालतं पण मॅनिफोल्डखालच्या उष्णतेत काही वर्षांनी कडक होऊन तडकतं. म्हणून खाली व्हिटॉन, वर थंड जागी नायट्राइल असं ठरवलं. व्हिटॉन महाग आहे, पण फक्त तीस सेंटीमीटर लागतंय.

१३ जुलै, रविवार

सामान आलं, बसवलं. वन-वे बसवायच्या आधी पांढऱ्या मार्करने बाण ठळक केला आणि बाजूला मॅनिफोल्ड असं लिहिलं, माझ्यानंतर जो कोणी उघडेल त्याच्यासाठी. स्प्रिंगच्या क्लिपा शक्य तिथे परत स्प्रिंगच्याच लावल्या, स्क्रूच्या क्लिपा रबर कापतात.

इंजिन चालू, मॅनोमीटर: −४ सेमी. पाणी उलट्या बाजूला चढताना बघून जे वाटलं ते लिहिता येत नाही. लेकीला खाली बोलावून दाखवलं.

पण दहा मिनिटांत आयडल ७०० ते १००० खालीवर व्हायला लागलं आणि संध्याकाळी चेक इंजिनचा दिवा. स्कॅनर लावला तर पी०१७१, मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. स्कॅनरच्या ब्लॉक ०३२ मध्ये आयडलचं करेक्शन (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय ते) +७ टक्के, जूनमध्ये +१ होतं.

आधी वाटलं काहीतरी चुकीचं जोडलं. रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं. आतापर्यंत आत दाब होता, त्यामुळे जिथे जिथे फट आहे तिथून तेल बाहेर येत होतं. आता आत व्हॅक्यूम आहे, तर त्याच फटींतून हवा आत येतेय, एअर मास मीटरने (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) न मोजलेली. गळती तीच आहे, फक्त दिशा बदललीय.

२० जुलै, रविवार

प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीचा एंड कॅप आणून त्याला टायरचा व्हॉल्व्ह बसवला, एअर मास मीटर काढून त्या पाइपाच्या तोंडावर क्लिपने आवळला. ब्रीदरची वाट आधी चिमट्याने दाबून धरली, सायकलच्या पायपंपाने ०.३ बार भरलं. बूस्टची बाजू टिच्चून, काटा हलला नाही. मग चिमटा अगदी हळू सैल केला म्हणजे थोडी हवा चेंबरमध्ये गेली, मॅनोमीटरवर ३० सेमीच्या वर जाऊ दिलं नाही. हे महत्त्वाचं आहे, ०.३ बार चेंबरमध्ये सोडलं तर क्रँकचे सील बाहेर येतील.

साबणाचं पाणी मारलं. टॅपेट कव्हरच्या टोकाला, कॅम चेनच्या टेन्शनरखाली जो अर्धचंद्राचा सील आहे तिथे बारीक बुडबुड्यांची रांग, अगदी शांतपणे, एकामागून एक. आणि डिपस्टिकच्या टेपवर भसाभसा.

टॅपेट कव्हर गॅस्केट, टेन्शनरचं गॅस्केट आणि अर्धचंद्र, नारिंगी फनेल, फिलर कॅपचं रबर, सगळं मागवलं.

२७ जुलै, रविवार

मामांकडे पूर्ण दिवस. टेन्शनरचं काम मी स्वतः केलं नाही, कॅमचं टायमिंग हलवायची हिंमत नाही आणि त्यासाठी चेन दाबून धरायचं वेगळं टूल लागतं, ते मामांकडे आहे.

चेंबर खाली उतरवलं. ते करायचंच होतं, कारण एवढे महिने ओलावा आणि पेट्रोलची वाफ बाहेर गेली नाही तर त्याचा गाळ तेलातच बसतो. स्ट्रेनरची जाळी एक तृतीयांश भरलेली, काळे कडक कण, चहाच्या चोथ्यासारखे. ह्या इंजिनाची जाळी आधीच लहान, ती पूर्ण भरली की तेलाचा दाब जातो आणि मग खरंच टर्बो जातो, इंजिनही जातं. मामा जाळी उन्हाकडे धरून म्हणाले, "अजून एक पावसाळा काढला असतास ना, तर मग माझ्याकडे इंजिन घेऊन आला असतास."

इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) काढून उलटा केला तर कपभर तेल निघालं. डिझेलने धुऊन, हवा मारून, रात्रभर उभा करून वाळवला. नवीन तेल ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, फोक्सवॅगनच्या ५०२ ०० स्पेसिफिकेशनचं, नवीन फिल्टर.

टर्बोचा शाफ्टही तेव्हाच बोटाने हलवून बघितला. आडवा अगदी नावाला हलतो, आत-बाहेर अजिबात नाही. टर्बो ठणठणीत.

३ ऑगस्ट, रविवार

आयडलला −८ सेमी. हायवेला तिसऱ्यात पूर्ण दाबून −३, लेकीने ह्या वेळी जुना टीशर्ट घातला होता पण एक थेंब सांडला नाही. करेक्शन +१.५. दिवा गेला.

धूर मात्र आहे अजून. एक्झॉस्टमध्ये साचलेलं तेल जळून जाईपर्यंत राहणार, घाबरायचं नाही.

मित्र म्हणतोय आता कॅच कॅन (ब्रीदरच्या गॅसमधलं तेल-पाणी गोळा करणारा डबा) लाव आणि पाइप खाली मोकळा सोड. मोकळा सोडणार नाही. स्टिल्टखाली वर राहणाऱ्यांच्या खिडक्या आहेत, तो वास त्यांनी का घ्यायचा, आणि मोकळ्या नळीला ओढ नसते त्यामुळे ओलावा आतच राहतो. बंद सर्किटमधला कॅन चालेल, पण मुंबईच्या पावसाळ्यात तो दुधाळ पाण्याने भराभर भरतो, दर पंधरा दिवसांनी रिकामा करायची शिस्त असेल तरच.

त्या सायीबद्दलही कळलं. मी रोज स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर गाडी न्यायचो, तेल कधी नीट तापायचंच नाही, पाणी उडून जाणार कसं? आता स्टेशनला चालत. गाडी रविवारी निदान चाळीस मिनिटं सलग चालवायची.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडीच्या ट्रॅफिकच्या आधी सकाळीच पीयूसी काढून आलो, पास. धूर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर विरला. ५२० किमी झाले, काठीवर तेल हललेलं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस कोसळतोय, ऑफिस बंद. पाणी कंपाउंडच्या गेटपर्यंत आलं होतं. वॉचमन काकांनी आणि मी मिळून गाडी ढकलून रॅम्पवर वरच्या अंगाला घेतली. चालू करायची रिस्क घेतली नाही.

२४ ऑगस्ट, रविवार, चिपळूण

पहाटे साडेतीनला निघालो. पेण छान, पुढे माणगावला अडकलो ते पंचवीस मिनिटं एका जागी, इंजिन आयडलला, एसी चालू. आधी असं उभं राहिल्यावर निघताना मागच्या गाडीवाल्याला निळ्या धुराची अंघोळ व्हायची. सुटलं तेव्हा मी आरसा बघितला नाही, लेकीला सांगितलं तू बघ. ती मागच्या काचेकडे वळून बसली, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बाबा, मागच्या काकांचा चेहरा स्पष्ट दिसतोय."

घरी पोचल्यावर आधी आजीच्या पाया पडलो, चहा घेतला, तासाभराने इंजिन थंड झाल्यावर अंगणात फडकं घेऊन काठी काढली. तेल वरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर खाली, मुलुंडहून निघताना होतं तिथेच. झाकणाखाली साय नाही, नुसतं मधाच्या रंगाचं तेल.